स्टीफन लॉरेन्स खून प्रकरण आणि संस्थात्मक वंशवाद म्हणजे काय

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लंडनच्या आग्नेय भागातील एल्थम येथे, वेल हॉल रोडवर, दोन कृष्णवर्णीय मुले घरी जाण्यासाठी बसची वाट पाहत होती. स्टीफन लॉरेन्स आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र डुवेन ब्रुक्स, दोघेही अठरा वर्षांचे. बस येते आहे का हे पाहायला स्टीफन थोडा पुढे गेला असतानाच पाच-सहा गोऱ्या तरुणांचे टोळके रस्ता ओलांडून आले, त्यांच्यापैकी एकाने कातडीच्या रंगावरून शिवी हासडली आणि स्टीफनला घेरून त्याच्यावर चाकूचे दोन खोल वार करण्यात आले. सगळा प्रकार पंधरा-वीस सेकंदांत आटोपला. धमन्या कापल्या गेलेल्या अवस्थेत स्टीफन सुमारे १२० मीटर धावला आणि कोसळला. त्याच्याकडून कोणी काही लुटले नव्हते, आधीचे भांडण नव्हते, ओळखदेखील नव्हती. जमैकाहून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या नेव्हिल आणि डोरीन लॉरेन्स यांचा तो थोरला मुलगा. त्याला वास्तुविशारद व्हायचे होते.

वर्णद्वेषातून झालेला ब्रिटनमधला हा पहिला खून नव्हता. साउथॉलमध्ये १९७६ साली गुरदीप सिंग चग्गर आणि पूर्व लंडनमध्ये १९७८ साली अल्ताब अली असेच मारले गेले होते. खुद्द एल्थमच्या आसपास १९९१ साली पंधरा वर्षांच्या रोलन अ‍ॅडम्सचा आणि १९९२ साली सोळा वर्षांच्या रोहित दुग्गलचा चाकूने खून झाला होता. जवळच्या वेलिंग येथे ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघडपणे वंशवादी पक्षाने १९८९ पासून पुस्तकांच्या दुकानाच्या नावाखाली आपले कार्यालय थाटले होते, आणि ते बंद करावे म्हणून स्थानिक लोक सतत मागणी करीत होते. त्यामुळे ही घटना आकाशातून पडलेली नव्हती. तरीही ब्रिटनमध्ये वर्णद्वेषाचा विषय निघाला की आजही लॉरेन्स हेच नाव प्रथम घेतले जाते, याचे कारण त्या पंधरा-वीस सेकंदांपेक्षा त्यानंतरच्या दिवसांत पोलिसांनी जे केले आणि जे केले नाही, त्यात आहे. टोळक्याच्या द्वेषाचा अर्थ लावायला फार विचार करावा लागत नाही. वर्दीतली, पगारी, प्रशिक्षित आणि एरवी सभ्य वाटणारी माणसे एका खुनाचा तपास इतक्या वाईट रीतीने कशी करतात, हा प्रश्न मात्र अवघड आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे.

तपासाचे पहिले पंधरा दिवस

घटनास्थळी पोहोचलेल्या पोलिसांनी स्टीफनवर प्रथमोपचार केले नाहीत. कामावर नसलेला एक पोलीस आणि प्रार्थनासभेहून परतणारे एक जोडपे त्याच्याजवळ थांबले होते. नंतर आलेल्या अधिकाऱ्यांपैकी कोणीही जखम कुठे आहे, रक्त किती वाहते आहे हे नीट पाहिले नाही आणि रुग्णवाहिकेची वाट पाहण्यातच वेळ गेला. वाचलेला डुवेन ब्रुक्स हा या खुनाचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता आणि त्याच्यावरही हल्ला झालेला होता. डोळ्यांसमोर मित्र कोसळलेला, रुग्णवाहिका येत नाही म्हणून हा मुलगा आरडाओरडा करतो आहे, आणि पोलिसांना त्यात दिसतो तो एक आक्रमक, त्रासदायक काळा तरुण. हल्लेखोर कोणत्या दिशेने पळाले हे विचारण्याऐवजी मुळात तुमचेच काही भांडण झाले होते का, अशा रोखाने चौकशी सुरू झाली. पुढे चौकशी आयोगाने या वागणुकीवर बोट ठेवताना म्हटले की, ब्रुक्सकडे पाहताना पोलिसांच्या मनात आधीच एक ठरलेले चित्र होते.

सहसा खुनाचा तपास अडतो तो माहिती मिळत नाही म्हणून. इथे उलटेच होते. दुसऱ्याच दिवशी एका टेलिफोन बूथमध्ये संशयितांची नावे लिहिलेले निनावी पत्र सापडले. त्याच संध्याकाळी एक तरुण स्वतःहून पोलीस ठाण्यात आला आणि त्यानेही तीच नावे सांगितली. पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी काही जणांनी तेच कळवले. ही पोरे परिसरात चाकू बाळगण्यासाठी कुप्रसिद्ध होती. असे असूनही ताबडतोब अटक करून घरांची झडती घेण्याऐवजी वरिष्ठांनी थांबण्याचा निर्णय घेतला आणि संशयितांच्या घरांवर पाळत ठेवली. ही पाळतही कशी होती ते पाहण्यासारखे आहे. छायाचित्रकारासमोर एका घरातून एक जण काळ्या पिशवीत कपड्यांसारखे काहीतरी भरून बाहेर पडला आणि गाडीने निघून गेला. त्याला अडवण्याचे आदेश पाळतीवरच्या माणसांना नव्हते आणि पाठलाग करण्याची सोयही नव्हती. त्या पिशवीत काय होते हे कधीच कळले नाही. चाकूच्या खुनात रक्ताचे डाग पडलेले कपडे हाच पहिला पुरावा असतो, हे कोणत्याही ठाण्यातल्या शिपायाला ठाऊक असते.

घरी लॉरेन्स दांपत्याकडे जे अधिकारी पाठवले जात होते, त्यांना शोकात बुडालेल्या कुटुंबापेक्षा घरात जमलेले नातेवाईक आणि कार्यकर्ते कोण आहेत यात अधिक रस होता, अशी कुटुंबाची तक्रार होती. लोकांनी घरी येऊन सांगितलेली नावे डोरीन यांनी एका कागदावर लिहून वरिष्ठ अधिकाऱ्याला दिली. त्यांच्या साक्षीनुसार त्या अधिकाऱ्याने तो कागद बोलता बोलता हातात चुरगळून त्याचा बोळा केला. आपण फक्त घडी घातली, असे त्या अधिकाऱ्याचे म्हणणे. घडी की बोळा यावर पुढे आयोगासमोर प्रश्नोत्तरे झाली. माझ्या मते दोन्हींत फार फरक नाही: मुलगा गमावलेली आई जो कागद देते तो उलगडून वाचायचा असतो, एवढे साधे भान दोन्ही प्रकारांत दिसत नाही.

६ मे रोजी लंडनभेटीवर आलेल्या नेल्सन मंडेला यांनी लॉरेन्स कुटुंबाची भेट घेतली आणि ती बातमी जगभर गेली. पहिल्या अटका झाल्या ७ मे रोजी. पोलिसांनी या दोन गोष्टींचा संबंध नाकारला, पण तारखा तारखांच्या जागी आहेत. दोघांवर आरोप ठेवण्यात आले आणि २९ जुलै १९९३ रोजी पुरेसा पुरावा नाही या कारणाने सरकारी अभियोक्त्यांनी ते मागे घेतले. त्यानंतर पोलीस दलाने स्वतःच्याच एका अधिकाऱ्याकडून तपासाचा आढावा करून घेतला आणि त्या आढाव्यात तपास योग्य रीतीने झाल्याचा निर्वाळा मिळाला. पाच वर्षांनी आयोगाने या आढाव्यालाही धारेवर धरले.

आईवडिलांनी चालवलेला खटला

इंग्लंडच्या कायद्यात सामान्य नागरिकाला स्वतःच्या खर्चाने फौजदारी खटला चालवता येतो, पण खुनासारख्या गुन्ह्यात तसे फार क्वचित घडते. लॉरेन्स कुटुंबाने तो मार्ग धरला. १९९६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तिघांवर खटला उभा राहिला. मुख्य आधार होता ब्रुक्सने ओळख परेडमध्ये केलेल्या ओळखीचा. न्यायाधीशांनी ती ओळख विश्वासार्ह मानता येणार नाही असे ठरवले आणि खटला काही दिवसांतच कोसळला. तिघेही निर्दोष सुटले. त्यातून कुटुंबाच्या पदरी निराशेखेरीज आणखी एक अडचण पडली. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, हा इंग्लंडच्या कायद्यातील सुमारे आठशे वर्षे जुना नियम होता. आपल्याकडेही राज्यघटनेच्या कलम २० च्या दुसऱ्या उपकलमात याच तत्त्वाचे संरक्षण आहे. म्हणजे उद्या कितीही भक्कम पुरावा हाती आला तरी त्या तिघांना हात लावता येणार नव्हता. त्याआधी १९९४ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी संशयितांपैकी एकाच्या घरात छुपा कॅमेरा बसवला होता. त्यातील चित्रीकरणात ही मंडळी चाकू परजत काळ्या माणसांना कसे मारावे याबद्दल अत्यंत हिंस्र भाषेत बोलताना दिसतात. मनात द्वेष असल्याचे त्यातून दिसत होते, पण त्या रात्री चाकू कोणी चालवला हे त्यातून सिद्ध होत नव्हते.

१९९७ च्या फेब्रुवारीत कोरोनरसमोरील चौकशी पूर्ण झाली. संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणारी ही पद्धत मुंबईतही १९९९ पर्यंत होती, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना ती माहीत असेल. पाचही संशयितांनी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारले. ज्यूरीने मात्र अर्ध्या तासात निर्णय देताना सांगितले की, स्टीफनचा खून पाच गोऱ्या तरुणांनी कोणतीही चिथावणी नसताना केलेल्या वर्णद्वेषी हल्ल्यात झाला. दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर पाचही जणांची छायाचित्रे छापून वर ‘खुनी’ असा मथळा दिला आणि आम्ही चुकत असू तर आमच्यावर खटला भरा, असे आव्हान दिले. कोणीही खटला भरला नाही. हे वृत्तपत्र स्थलांतरितांचा कैवार घेणारे म्हणून मुळीच प्रसिद्ध नव्हते. म्हणूनच त्या मथळ्याचा मध्यमवर्गीय गोऱ्या वाचकांवर जो परिणाम झाला तो कोणत्याही मोर्चाने झाला नसता. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅक्फर्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला.

दोष कोणाचा?

मॅक्फर्सन अहवाल २४ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ७० शिफारशी होत्या, पण गाजला तो एक निष्कर्ष: लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस दल संस्थात्मक वंशवादाने ग्रस्त आहे.

ही कल्पना रूढ केली ती १९६७ साली अमेरिकेतील स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी, आणि त्यांनी दिलेले उदाहरण आजही सर्वांत स्पष्ट आहे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात गोऱ्या दहशतवाद्यांनी चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींना मारले, तो व्यक्तींनी केलेला वंशवाद; समाजातील बहुतेक लोक त्याचा निषेध करतात. त्याच शहरात पुरेसे अन्न, घर आणि वैद्यकीय सोयी नसल्यामुळे दर वर्षी शेकडो कृष्णवर्णीय बालके दगावतात, तो संस्थात्मक वंशवाद. त्याचा निषेध होत नाही, कारण त्यात बोट दाखवावे असा मारेकरीच नसतो.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालाने देशात संस्थात्मक वंशवाद नाही असे म्हटले होते. त्यांच्या दृष्टीने संस्था जाणूनबुजून, धोरण म्हणून भेदभाव करीत असेल तरच तिला तसे म्हणता येते. मॅक्फर्सन यांनी नेमकी हीच कसोटी बदलली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे, माणसांच्या रंगामुळे, संस्कृतीमुळे किंवा वांशिक मुळामुळे त्यांना योग्य आणि व्यावसायिक दर्जाची सेवा देण्यात एखादी संस्था सामूहिकरीत्या अपयशी ठरत असेल तर तो संस्थात्मक वंशवाद होय. आणि तो संस्थेच्या कार्यपद्धतीत, दृष्टिकोनात आणि वागण्यात, नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांतून, अज्ञानातून, अविचारातून आणि ठरीव प्रतिमांतून दिसून येतो. इथे हेतूला महत्त्व नाही, परिणामाला आहे. ब्रुक्सला संशयित समजणारा शिपाई, पिशवी जाताना पाहत राहणारा पाळतीवरचा माणूस, कागदाची घडी घालणारा वरिष्ठ आणि सर्व ठीक असल्याचा शेरा मारणारा आढावा-अधिकारी यांपैकी प्रत्येकाची चूक स्वतंत्रपणे पाहिली तर हलगर्जीपणा, आळस, फार तर उद्धटपणा एवढेच म्हणता येते. चारही चुका एकाच दिशेने कलतात, एकाच प्रकारच्या माणसांच्या वाट्याला येतात आणि एकही चूक दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही, तेव्हा मात्र प्रश्न व्यक्तींचा राहत नाही.

या व्याख्येवर आक्षेप घेणारेही होते आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे टाकाऊ नव्हते. सगळेच दोषी असतील तर कोणीच दोषी नाही, अशी सोय यातून होते. एका प्रामाणिक हवालदाराला वर्णद्वेष्टा म्हटल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष कामचुकारपणा केलेले अधिकारी मात्र निवृत्तिवेतन घेऊन घरी जातात. झालेही तसेच: तपासातील चुकांबद्दल एकाही वरिष्ठ अधिकाऱ्याला नोकरी गमवावी लागली नाही. डोरीन लॉरेन्स यांनी या गोष्टीवर वारंवार बोट ठेवले आहे. तरीही व्याख्या चुकीची आहे असे मला वाटत नाही. ती अपुरी आहे. ती रोगाचे निदान करते, पण वैयक्तिक जबाबदारी ठरवण्याचे काम शिस्तभंगाच्या यंत्रणेने करायचे असते आणि ते त्या यंत्रणेने केले नाही.

अहवालानंतर कायदे मात्र वेगाने बदलले. १९७६ च्या वंशसंबंधविषयक कायद्यातून पोलिसांचे कामकाज बरेचसे बाहेर राहिले होते. २००० च्या दुरुस्तीने ते आत आणले आणि सर्व सार्वजनिक संस्थांवर भेदभाव टाळण्याबरोबरच समानतेसाठी प्रयत्न करण्याचे बंधन घातले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी २००४ पासून स्वतंत्र आयोग काम करू लागला. खून झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबाशी संपर्क ठेवण्यासाठी प्रशिक्षित अधिकारी नेमण्याची पद्धत पक्की झाली.

पुण्याच्या मुलाचा खून

आयोगाच्या एका शिफारशीचा संबंध थेट महाराष्ट्राशी येतो. एखादी घटना पीडित व्यक्तीला किंवा अन्य कोणालाही वर्णद्वेषी वाटत असेल तर पोलिसांनी तिची नोंद आणि तपास वर्णद्वेषी घटना म्हणूनच करावा, असे मॅक्फर्सन यांनी सांगितले. यापूर्वी घटनेचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे होता आणि एल्थममध्ये काही पोलीस कर्मचारी स्टीफनचा खून वर्णद्वेषातून झाला हे मान्य करायलाच अखेरपर्यंत तयार नव्हते.

२६ डिसेंबर २०११ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे पुण्याचा अनुज बिडवे हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी भारतीय मित्रमैत्रिणींबरोबर पायी चालला होता. लँकेस्टर विद्यापीठात तो मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे पदव्युत्तर शिक्षण घेत होता. किआरन स्टेपल्टन नावाचा तरुण रस्ता ओलांडून आला, त्याने वेळ विचारली आणि अनुजच्या डोक्यात गोळी झाडली. आपल्याकडच्या वृत्तपत्रांत ही बातमी अनेक दिवस पहिल्या पानावर होती. समाजात हा प्रकार वर्णद्वेषाचा असल्याची भावना आहे म्हणून आपण द्वेषमूलक गुन्हा म्हणून तपास करीत आहोत, असे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने काही दिवसांतच जाहीर केले. हे विधान मॅक्फर्सन अहवालाशिवाय शक्य नव्हते. काही दिवसांत संशयित कोठडीत होता आणि सात महिन्यांत ज्यूरीने त्याला खुनी ठरवले. त्याच वेळी अनुजच्या घरच्यांना मुलाच्या मृत्यूची बातमी पोलिसांकडून कळण्याआधी फेसबुकवरून कळली होती, हेही खरे आहे. कुटुंबाला सन्मानाने माहिती देणे हीच तर आयोगाची एक प्रमुख शिकवण होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरून नेहमी गोंधळ होतो. द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद होणे आणि न्यायालयात द्वेषाचा हेतू सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नोंदीसाठी पीडिताची किंवा इतरांची भावना पुरते. सिद्धतेसाठी पुरावा लागतो. स्टेपल्टनच्या खटल्यात मुख्य वाद त्याच्या मानसिक स्थितीविषयी, म्हणजे हा खून मानायचा की सदोष मनुष्यवध, याविषयी होता. त्याला जन्मठेप झाली आणि किमान ३० वर्षे तुरुंगात काढण्याची अट घालण्यात आली. इंग्लंडच्या २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यात वर्णद्वेषातून केलेल्या खुनाला आणि बंदुकीने केलेल्या खुनाला ३० वर्षे ही एकच आरंभमर्यादा आहे.

अनुजचा खून झाला तेव्हा लंडनच्या ओल्ड बेलीत एक खटला अंतिम टप्प्यात आला होता. १८ वर्षांनंतर स्टीफन लॉरेन्सच्या खुनाबद्दल त्या पाच संशयितांपैकी गॅरी डॉब्सन आणि डेव्हिड नॉरिस हे दोघे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. पुण्यात अनुजच्या घरी माणसे भेटायला येत होती त्या दिवसांत, ३ जानेवारी २०१२ रोजी, ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवले.

रक्ताचा एक ठिपका

हा खटला उभा राहू शकला तो दोन गोष्टींमुळे. मॅक्फर्सन यांनीच सुचवल्याप्रमाणे २००३ च्या कायद्याने जुन्या नियमाला मर्यादित अपवाद केला: गंभीर गुन्ह्यात नवा आणि सबळ पुरावा मिळाल्यास वरिष्ठ न्यायालय आधीची निर्दोष मुक्तता रद्द करून पुन्हा एकदाच खटला चालवण्याची परवानगी देऊ शकते. डॉब्सन हा १९९६ साली सुटलेल्या तिघांपैकी होता, म्हणून त्याच्याबाबतीत ही परवानगी लागली आणि २०११ च्या मे महिन्यात मिळाली. नॉरिसवर तेव्हा पूर्ण खटला चाललाच नव्हता, त्यामुळे त्याला या नियमाचे कवच नव्हते. या अपवादाबद्दल अनेक वकिलांना वाटणारी धास्ती मला समजते, कारण सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर सरकारने कायमची तलवार टांगू नये म्हणूनच तर मूळ नियम जन्माला आला. अपवादाच्या अटी कडक आहेत हे त्यावरचे उत्तर.

दुसरी गोष्ट म्हणजे मुद्देमाल. ७ मे १९९३ च्या झडतीत जप्त केलेले कपडे जपून ठेवलेले होते. २००६ नंतर एका खासगी प्रयोगशाळेने ते नव्याने, कण न् कण वेचून तपासले. डॉब्सनच्या जाकिटाच्या कॉलरवर अर्धा मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर रुंद असा रक्ताचा डाग सापडला. तो धाग्यांत मुरलेला होता, म्हणजे ओला असतानाच तिथे पडलेला होता, आणि त्यातील डीएनए स्टीफनचा होता. स्टीफनच्या कपड्यांचे तंतूही सापडले. नॉरिसच्या पँटवर एक-दोन मिलिमीटरचे केस मिळाले आणि त्यांतील एकाचा डीएनए स्टीफनशी जुळला. बचाव पक्षाने वर्षानुवर्षांच्या हाताळणीत हे कण एका पाकिटातून दुसऱ्यात गेले असावेत असा युक्तिवाद केला आणि ज्यूरीने तो मानला नाही. खुनाच्या वेळी डॉब्सन १७ वर्षांचा आणि नॉरिस १६ वर्षांचा होता, म्हणून त्यांना अल्पवयीनांना लागू असलेली आणि जुन्या नियमांनुसारची शिक्षा झाली: जन्मठेपेखाली किमान १५ वर्षे २ महिने आणि १४ वर्षे ३ महिने. बाकीच्यांना आजवर कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही.

प्रगती मोजायची कशी

अहवालानंतरच्या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या वर्णद्वेषी घटना सुमारे २३ हजारांवरून सुमारे ४८ हजारांवर गेल्या. द्वेष एका वर्षात दुप्पट झाला असे कोणी म्हणणार नाही. लोक तक्रार करू लागले आणि पोलीस ती लिहून घेऊ लागले. अलीकडच्या वर्षांत वंशाशी निगडित द्वेषमूलक गुन्ह्यांच्या नोंदी वर्षाला एक लाखाच्या आसपास असतात. या क्षेत्रात वाढता आकडा ही चांगली बातमीही असू शकते आणि वाईटही, म्हणून केवळ नोंदींवरून प्रगती झाली की अधोगती हे ठरवता येत नाही.

मग दुसरे मोजमाप घ्यावे तर प्रतिनिधित्वाचे. मुंबईच्या दादाभाई नौरोजींविषयी १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देणार नाहीत असे उद्गार काढले होते आणि चारच वर्षांनी दादाभाई निवडून आले; पण युद्धोत्तर काळात अल्पसंख्य वंशांचे खासदार हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचायला १९८७ उजाडले आणि तेव्हाही ते अवघे चार होते. २०१९ मध्ये ते ६५ झाले. २०१३ साली डोरीन लॉरेन्स स्वतः हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य झाल्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय वंशाचे ऋषी सुनक पंतप्रधान झाले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २१ मार्च २०२३ रोजी, लंडनच्या पोलीस दलाविषयी बॅरोनेस केसी यांचा अहवाल आला. एका सेवेतल्या पोलिसाने सारा एव्हरार्ड या तरुणीचे अपहरण करून खून केल्यानंतर हा आढावा घेण्यात आला होता. त्याचा निष्कर्ष असा की हे दल आजही संस्थात्मकरीत्या वंशवादी आहे, शिवाय स्त्रीद्वेष्टे आणि समलैंगिकद्वेष्टेही आहे. ज्या शहरात गोऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, त्या शहराच्या पोलिसांत ८२ टक्के गोरे होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यात थांबवून झडती घेतली जाण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांच्या बाबतीत त्या वर्षीही सुमारे चौपट होती. पोलीस आयुक्त सर मार्क रोली यांनी अहवालातील वस्तुस्थिती मान्य केली, परंतु ‘संस्थात्मक’ हे विशेषण वापरायला नकार दिला. ते संदिग्ध आणि राजकारणात ओढले गेलेले आहे, असे त्यांचे कारण. १९९८ साली मॅक्फर्सन आयोगासमोर तेव्हाचे आयुक्त सर पॉल कॉन्डन यांनीही याच शब्दाला विरोध केला होता. दोन आयुक्तांमध्ये पंचवीस वर्षे उलटली. या काळात संसद बदलली, कायदा बदलला, प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरचा डाग शोधू लागली. ज्या संस्थेमुळे हे सारे घडले ती मात्र सर्वांत हळू बदलली, असेच म्हणावे लागते.

स्मरणाची कथाही सरळ नाही. आईवडिलांनी स्टीफनचे दफन लंडनमध्ये न करता जमैकात क्लॅरेंडन येथे केले, कारण लंडनमधली कबर उद्ध्वस्त केली जाईल अशी त्यांना भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती: वेल हॉल रोडवर तो कोसळला तिथे बसवलेल्या स्मृतिफलकाची अनेकदा विटंबना झाली आणि २००८ साली डेप्टफर्ड येथे उघडलेल्या स्टीफन लॉरेन्स केंद्राच्या काचा उद्घाटनानंतर लगेचच फोडण्यात आल्या. दुसऱ्या बाजूला तरुण वास्तुविशारदांना प्रोत्साहन म्हणून १९९८ पासून त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो आणि २०१९ पासून २२ एप्रिल हा दिवस सरकारी पातळीवर स्टीफन लॉरेन्स दिन म्हणून पाळला जातो. शाळांमध्ये त्या दिवशी कार्यक्रम होतात. त्यांत स्टीफनची स्वप्ने सांगितली जातात, ते योग्यच आहे. पण काळ्या पिशवीची आणि चुरगळलेल्या कागदाची गोष्टही सांगितली गेली पाहिजे, कारण चाकू चालवणारी पोरे आपण नव्हेत हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, तर कागदाची घडी घालणारा माणूस आपणही असू शकतो.

शिवाय प्रकरण अजून संपलेले नाही. लॉरेन्स कुटुंबाच्या लढ्याभोवतीच्या गटांत पोलिसांनी गुप्त हेर पेरले होते, हे २०१३ साली त्या पथकातल्याच एका माजी हेराने उघड केले. पुढच्या वर्षी स्वतंत्र आढाव्यातून त्याला दुजोरा मिळाला आणि गुप्त पोलीस कारवायांची चौकशी करण्यासाठी २०१५ साली नवा आयोग स्थापन झाला. दहा वर्षांनंतरही त्याचे काम चालूच होते. खुनाचा तपास २०२० च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी निष्क्रिय म्हणून बाजूला ठेवला. २०२३ च्या जूनमध्ये बीबीसीने आपल्या शोधातून एका सहाव्या संशयिताचे नाव पुढे आणले. सुरुवातीच्या काही दिवसांतच त्याच्याविषयी पोलिसांना माहिती मिळाली होती, ती नीट तपासली गेली नाही याबद्दल पोलीस दलाने माफी मागितली. तो माणूस २०२१ मध्येच मरण पावला होता.